एसी पंप

पंप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याच्या कडेचा पेट्रोलपंप उभा राहतो. रंगीत छप्पर, गणवेशातला पोरगा आणि चाकात हवा भरण्यासाठी खोळंबलेले स्कूटरवाले. मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे तो पंप फार लहान, दोन मुठींत मावेल एवढा. तो गाडीच्या पोटात असतो, आणि टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवणे एवढेच त्याचे काम. पण गेले वर्षभर आमच्या आजोळी त्याच्यावरून जेवढा खल झाला, तेवढा घरातली एखादी सोयरीक जमवतानाही झाला नसेल. मराठी शिकवणाऱ्या माणसाने त्यात तोंड घालावे असे खरे तर काही नव्हते. पण एम.ए. झालेला मनुष्य सर्व विषयांत जाणकार असतो अशी आमच्या मामांची समजूत आहे, आणि ती दूर करण्याचा प्रयत्न मी आजवर केलेला नाही.

वादाचे मूळ म्हणजे आजोबांचा ट्रक. तो डॉज, १९५२ सालचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या १९४७ पासून कुर्ल्याला जोडल्या जाऊ लागल्या. त्या गोतावळ्यातला हा एक. इंजिन पेट्रोलचे. पुढे १९५४ साली टाटांनी डायम्लर-बेन्झशी करार केला, डिझेलचे ट्रक रस्त्यावर आले, आणि पेट्रोल पिणारा ट्रक पोसणे व्यापाऱ्याला परवडेनासे झाले. कित्येकांनी जुने इंजिन काढून डिझेलचे घातले. आजोबांनी तेही केले नाही. कोल्हापूरकडून गूळ भरून भवानी पेठेतल्या अडतीवर उतरवण्याचे काम त्यांनी हट्टाने याच ट्रकने चालवले, आणि परवडेना तेव्हा ट्रक गोठ्याशेजारच्या पडवीत उभा केला. विकला नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने तो पुन्हा चालू केला. मामा आज एक्याऐंशी वर्षांचे आहेत. ज्या ट्रकवर ते पोरवयात क्लीनर होते, त्याचा भोंगा पुन्हा ऐकला तेव्हा ते काही बोलले नाहीत. फक्त उठून टायर दाबून पाहू लागले.

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघे त्या ट्रकने वाईकडे निघालो. खंबाटकीच्या चढावर, दुपारी एकच्या सुमारास, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झाले. मागे गाड्यांची रांग लागली. मामांनी बॉनेट उघडले, पंपाच्या काचेच्या वाटीकडे पाहिले आणि म्हणाले, "बुडबुडे आलेत." मग माझी पाण्याची बाटली घेऊन एक फडके भिजवले आणि ते पंपावर गुंडाळले. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. त्या वीस मिनिटांत मागच्या मंडळींनी आमच्या कुळाचा जो उद्धार केला, त्यातले काही शब्द मला भाषेचा अभ्यासक असूनही नवे होते.

हा आजार जुनाच आहे. पेट्रोलचा हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांवरच उडू लागतो. इंजिन तापले, वारा पडला, की नळीतच त्याची वाफ होते, आणि पंपाला पातळ पदार्थ ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. आरंभीच्या मोटारींना पंपच नसे. फोर्डच्या टी मॉडेलची टाकी पुढच्या सीटखाली. पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनात उतरे. चढ उभा आणि टाकी अर्धी असली की ते उतरेना, मग लोक गाडी फिरवून उलटी चढवीत. त्यानंतर इंजिनाच्या श्वासाने पेट्रोल ओढणारी लहान टाकी आली. पण चढावर इंजिनाला जोर लागला की तो श्वासच कमी पडे. या दोहोंवर तोड म्हणून आला तो आमचा एसी पंप.

एसी म्हणजे गार हवेचे यंत्र नव्हे. आल्बर्ट शँपियन या फ्रेंच गृहस्थाच्या नावाची ती आद्याक्षरे. हा मूळचा सायकलपटू. १८९९ साली त्याने पॅरिस-रूबे ही शर्यत जिंकली आणि पुढे अमेरिकेत जाऊन तो मोटारींचे स्पार्क प्लग बनवू लागला. आमच्याकडे वनस्पती तूप कोणत्याही कारखान्याचे असो, ते डालडा. तसा इंजिनाला बसवलेला पंप कोणत्याही बनावटीचा असो, तो मिस्त्रींच्या तोंडी एसी पंपच.

त्याची रचना मात्र पाहण्यासारखी आहे. इंजिनातला एक उंचवटा फिरता फिरता पंपाचा दांडा दाबतो. दांडा रबरी पडदा खाली ओढतो आणि टाकीतले पेट्रोल आत येते. पुढे ढकलण्याचे काम इंजिन करीत नाही, ते करते पडद्याखालची स्प्रिंग. कार्बोरेटरची वाटी भरली की स्प्रिंग दबलेलीच राहते आणि दांडा नुसता हलत बसतो. पाहुण्याने पानावर आडवा हात धरला की थांबणारा वाढपी जसा, तसा हा पंप. त्याचा दाब चौरस इंचाला तीन-चार पौंड, आणि कार्बोरेटरला हवा असतो तोही तेवढाच.

मामेभावाचे म्हणणे, हा पंप काढून विजेचा घालावा. त्याची बाजू शास्त्राने बळकट आहे, हे मला कबूल केले पाहिजे. एसी पंप इंजिनाशी बसून दूरवरून ओढतो, आणि ओढताना नळीतला दाब कमी होतो. कमी दाबाखाली वाफ लवकर होते. विजेचा पंप टाकीशी बसून ढकलतो. ढकललेल्या पेट्रोलवर दाब असतो, त्याची वाफ सहज होत नाही. (मुलांना ओढावे की ढकलावे हा आमच्या धंद्यातलाही प्रश्न आहे. ढकललेली मुले परीक्षेपर्यंत पोचतात, एवढे मी पाहिले आहे.) शिवाय पेट्रोल पूर्वीचे राहिलेले नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने येऊ लागले आणि २०२५ साली देशभर पोचले. या मिश्रणाने हलका भाग अधिक सहज उडतो, आणि जुन्या रबराचे पडदे फुगतात, मऊ पडतात. या ट्रकने आयुष्यभर उसाचा गूळ पाठीवर वाहिला. आता म्हातारपणी तोच ऊस त्याच्या पोटात जातो आणि पचत नाही.

आम्ही दोघे नाना पेठेत गेलो. तिथे सुट्या भागांच्या दुकानांत काय मिळत नाही? पण विजेचे पंप निघाले ते बहुतेक आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्यांचे, चाळीस पौंडांच्या वर दाब देणारे. तसला पंप जोडला तर कार्बोरेटरची सुई बसायचीच नाही आणि पेट्रोल तापल्या इंजिनावर सांडेल. कमी दाबाचा एक मिळाला, तो बारा व्होल्टचा; आमच्या ट्रकची बॅटरी सहा व्होल्टची. म्हणजे पंपासाठी बॅटरी, बॅटरीसाठी डायनामो आणि दिवे. सुईसाठी कापड आणि कापडासाठी शिंपी, असा तो प्रकार. मामेभाऊ त्यालाही तयार होता.

मामा सर्व ऐकून घेत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "इंजिन बंद पडलं की माझा पंप बंद पडतो. तुझा पडेल का? गाडी कलंडली, नळी तुटली, आणि किल्ली तशीच राहिली, तर तुझा पंप पेट्रोल ओततच राहील." मामेभाऊ म्हणाला, "अण्णा, त्यावर उपाय आहे. तेलाचा दाब गेला की वीज तोडणारं बटण मिळतं." ते खरे आहे, असे बटण असल्याशिवाय विजेचा पंप कोणी बसवूच नये. "आणि दोन्ही ठेवले तर?" मी मध्येच विचारले. याचे उत्तर मिस्त्रींनी दिले. त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढून माझ्या नाकाशी धरली. तेलाला पेट्रोलचा वास येत होता. एसी पंपाचा पडदा झिरपू लागला होता. मागून विजेचा पंप ढकलू लागला असता, तर त्या पडद्यातून पेट्रोल सरळ इंजिनाच्या तेलात उतरले असते.

मिस्त्रींनी पंप खोलला. पडदा पापडासारखा वाकडा झाला होता. पण त्यांचे लक्ष गेले ते दुसरीकडेच. पंप आणि तापणारा सायलेन्सरचा पाइप यांच्यामध्ये मूळचा पत्र्याचा एक आडोसा असतो. आमच्या ट्रकला तो नव्हता. केव्हा तरी कोणी पंप काढताना तो बाजूला ठेवला असेल आणि परत लावला नसेल. पेट्रोलची नळीही कोणी तरी पाइपाला लगटून नेली होती.

मला मत विचारण्यात आले. मी एसी पंपाच्या बाजूने दिले, आणि ते मामांच्या मायेपोटी दिले नाही. आडोशावाचून, चुकीच्या नळीने, फुटक्या पडद्यानिशी ज्याने चार वर्षे गाडी ओढली, त्याची परीक्षा अजून झालीच नव्हती. मामेभावाने, हरल्याचे मनात न ठेवता, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा अमेरिकेहून मागवला. मिस्त्रींनी पत्रा कापून आडोसा केला, नळी दूर नेली आणि तेल बदलले.

दसऱ्यानंतरच्या उन्हात आम्ही पुन्हा खंबाटकी चढलो. ट्रक थांबला नाही. घाटमाथ्यावर मामांनी मुद्दाम इंजिन बंद करायला लावले. कारण खरी अडचण चालत्या गाडीची नसते, तापून उभ्या राहिलेल्या गाडीची असते. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली, तर सुरू होईना. मामा उतरले, पंपाचा हाताने दाबायचा चिमुकला दांडा बारा-पंधरा वेळा हलवला, आणि इंजिन बोलले.

"विजेचा असता तर पहिल्या फटक्यात सुरू झाला असता," मामेभाऊ म्हणाला.

"झाला असता," मामा म्हणाले, आणि हात पुसत वर चढले.