“बाई, तेव्हा बायका काय करत होत्या?”

लग्नानंतर आपल्या वाचनाचं काय होतं, हे मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. दुपारी स्वयंपाकघर आवरून जरा लवंडावं, मासिक हातात घ्यावं, चार पानं होतात न होतात तोच मुलांची शाळा सुटते. त्यातून ‘इतिहासाचं पुस्तक’ म्हटलं की अंगावर काटाच येतो. सनावळ्या, तह आणि लढाया! परीक्षेत लिहायच्या आणि विसरायच्या, अशीच बहुतेकींची गत.

मी स्वतः इतिहास घेऊन बी. ए. झाले आणि आता एका शाळेत अर्धवेळ शिकवते. युरोपचं मध्ययुग आणि प्रबोधनकाळ शिकवताना राजे, पोप, चित्रकार, खलाशी सगळे येऊन जातात. एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “बाई, तेव्हा बायका काय करत होत्या?” क्रमिक पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. मग मी एकेक पुस्तक मागवू लागले. त्यातली चार तुम्हाला सांगावीशी वाटतात. आहेत इंग्रजीत, पण कॉलेजात इंग्रजी वाचलेल्या कुणालाही झेपतील अशी.

सुरुवात आयलीन पॉवर या इंग्रज बाईंच्या ‘मेडिईव्हल पीपल’पासून करावी. पुस्तक 1924 सालचं, पण भाषा अगदी गप्पा मारल्यासारखी. शेतकरी, मठातली मुख्य जोगीण, लोकरीचा व्यापारी अशा सहा जणांची आयुष्यं यात आहेत. त्यातलं एक प्रकरण पॅरिसमधल्या एका गृहिणीवर. ती अवघी पंधरा वर्षांची, नवरा चांगलाच वयस्कर. 1393 च्या सुमारास त्याने तिच्यासाठी संसाराचं एक मोठं पुस्तकच लिहिलं. पिसवा कशा घालवाव्यात, बागेत कधी काय लावावं, नोकर कसे पारखावेत, मेजवानीला काय रांधावं, सगळं त्यात आहे. आपल्या या साप्ताहिकातली ‘घरोपयोगी’ सदरंच जणू! गंमत म्हणजे, आपल्यामागे ही दुसरं लग्न करील आणि तेव्हा त्या नवऱ्याने हिला नावं ठेवू नयेत, अशीही त्याला काळजी. वाचताना माणूस भला वाटतो. पण पुस्तक मिटल्यावर मनात आलं, इतकं सगळं त्याने सांगितलं, पण त्या पोरीला काय वाटत होतं? तिचा एक शब्दही आपल्यापर्यंत आलेला नाही.

आयरिस ओरिगो यांचं ‘द मर्चंट ऑफ प्रातो’ (1957) म्हणूनच मला फार जवळचं. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावात फ्रान्चेस्को दातिनी नावाचा बडा व्यापारी होता. तो 1410 मध्ये वारला. त्याची सुमारे दीड लाख पत्रं आणि शेकडो हिशेबाच्या वह्या 1870 मध्ये त्याच्याच घरात जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत पोत्यांत भरलेल्या सापडल्या. धंद्यासाठी तो बरेचदा फ्लॉरेन्सला, बायको मार्गेरिता प्रातोला. त्यामुळे नवराबायकोची पत्रंही पुष्कळ. त्याचं आपलं सतत चालू: पीठ बघ, पिंपातली दारू बघ, खेचराला चारा घातला का? तिला मूलबाळ झालं नाही. नवऱ्याला दुसऱ्या बाईपासून झालेली मुलगी तिने आपली म्हणून वाढवली. आधी ती दुसऱ्याला सांगून पत्रं लिहून घ्यायची. तिशी उलटल्यावर मात्र तिने जिद्दीने लेखणी हातात धरली आणि स्वतः लिहायला लागली.

हे पुस्तक मी रात्री जेवणं आटोपल्यावर वाचत असे. आमच्या सासूबाई चौथी शिकलेल्या. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, “आता कसली परीक्षा द्यायचीय तुला?” बोलण्यात थोडा राग होता, कारण मी वाचत बसले की सकाळची भाजी निवडायची त्यांच्यावर येई. ‘हे’ मध्ये काहीच बोलेनात. शेवटी मीच भाजी घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि निवडता निवडता मार्गेरिताची गोष्ट सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “लिहायला शिकल्यावर नवऱ्याला काय गं लिहिलं तिनं?” मी सांगितलं, घरचा हिशेब तर लिहिलाच, पण तुम्ही पैशामागे फार जीव काढता, असंही सुनावलं. त्या हसल्या. “लेखनिकाला हे कसं सांगणार होती बिचारी!” एवढं बोलून पुन्हा मेथी निवडू लागल्या. तेव्हापासून माझ्या वाचनाची कुरबुर थांबली. उलट “आज काय वाचलंस?” म्हणून विचारतात.

तिसरं पुस्तक त्याच काळातल्या एका बाईने स्वतःच लिहिलेलं. क्रिस्तीन द पिझां 1364 मध्ये व्हेनिसला जन्मली, वाढली पॅरिसमध्ये. पंचविशीत नवरा गेला. पदरात तीन मुलं, शिवाय आई. येणी वसूल करायला कोर्टाचे खेटे घालावे लागले. तिने लेखणीवर घर चालवलं. 1405 मधल्या ‘द बुक ऑफ द सिटी ऑफ लेडीज’मध्ये बायकांना नावं ठेवणाऱ्या पंडितांना तिने उत्तर दिलंय. थोर स्त्रियांच्या कहाण्या एकेक विटेसारख्या रचून ती बायकांसाठी एक नगरच बांधते. मधली काही पानं जड जातात, ती खुशाल ओलांडावीत.

शेवटचं नताली झेमन डेव्हिस यांचं ‘द रिटर्न ऑफ मार्टिन गेर’ (1983). फ्रान्समधल्या आर्तिगा गावातली ही खरी घडलेली हकिगत. बर्त्रांदचा नवरा 1548 मध्ये घर सोडून निघून गेला. आठ वर्षांनी एक माणूस आला, “मीच तो” म्हणाला आणि तिने त्याला घरात घेतलं. तीनेक वर्षं संसार झाला, मूल झालं. पुढे खटला उभा राहिला आणि 1560 मध्ये ऐन खटल्यात खरा नवरा लाकडी पाय लावून हजर झाला! तोतया फासावर गेला. बर्त्रांद फसली, असं न्यायाधीशांनी मानलं. तिला आधीच कळलं असावं, असं डेव्हिसबाईंना वाटतं. बर्त्रांदने स्वतः लिहून काहीच ठेवलेलं नाही. जे आहे ते न्यायाधीशांनी लिहिलेलं. म्हणून हा वाद मिटतच नाही. महिला मंडळात चर्चेला घ्यावं असं हे पुस्तक आहे, आणि लहानही आहे.

याच काळातलं बोकाच्चोचं ‘डेकॅमेरॉन’ही प्रसिद्ध. 1348 च्या प्लेगमुळे फ्लॉरेन्स सोडून गेलेल्या सात तरुणी आणि तीन तरुण दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात. त्यातल्या पुष्कळ चावट आहेत, तेव्हा मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवलेलं बरं. आपण मात्र जरूर वाचावं.

दोन-तीन मैत्रिणींनी मिळून एकेक पुस्तक मागवलं तर खर्चही वाटला जातो आणि बोलायला सोबत मिळते. नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी जुन्या वहीत ती टिपून ठेवते. रोज अर्धा तास पुरतो. पहिल्या पुस्तकाला मला दीड महिना लागला. आणि हो, वर्गातल्या त्या मुलीला आता मार्गेरिताचं नाव पाठ आहे. परीक्षेत मात्र ते येणार नाही!