साखरेचा आंबा

खाण्याच्या पदार्थाला दुसऱ्याच एखाद्या वस्तूचे रूप देण्याची हौस मनुष्याला फार पूर्वीपासून आहे. आपल्याकडे रुखवतात साखरेची तुळशीवृंदावने मांडली जातात आणि संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात. सुलतान तिसरा अहमद याने १७२० साली इस्तंबूलमध्ये आपल्या पुत्रांच्या सुंतेचा समारंभ केला, तेव्हा मिरवणुकीतून साखरेच्या बागा वाहून नेल्या होत्या. दरबारी चित्रकार लेवनी याच्या चित्रांत त्या आजही पाहावयास मिळतात. पॅरिसचा प्रख्यात पाकशास्त्री कारेम तर ग्रंथालयात बसून प्राचीन वास्तूंची चित्रे अभ्यासी आणि त्यांबरहुकूम मेजवानीच्या मेजावर साखरेची मंदिरे उभारी. हे सारे मी पुस्तकांतून वाचले होते. परंतु खाण्याजोगे झाड उभे करणे म्हणजे काय, हे गेल्या श्रावणात, आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, आमच्या पुण्याच्या घरातच मला पाहावयास मिळाले.

केकवर राजापूरकडच्या आमच्या घरामागला रायवळ आंबा उभा करायचा, असे माझ्या मुलीने ठरविले. ते घर १९९८ साली विकले गेले आणि नव्या मालकाने दुसऱ्याच वर्षी आंबा तोडला. तेव्हापासून आईने त्या झाडाचे नाव काढले नव्हते. त्यामुळे मुलीचा बेत ऐकून मला आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटली. तिने स्वतः तो आंबा कधी पाहिलेला नव्हता. एका जुन्या छायाचित्रात मंडळींच्या पाठीमागे त्याचे अर्धे खोड तेवढे दिसत होते. तेव्हा आजीला विचारण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते.

आईचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. “अंडे नाही ना ग त्यात?” नव्हते. दळलेली साखर, पाणी आणि कतिरा गोंद यांची कणीक मळली की ती मातीसारखी वळते आणि सुकल्यावर चिनी मातीसारखी कडक होते. डिंकाचे नाव ऐकून आईचे समाधान झाले. परंतु पहिल्या फांद्या दोन दिवसांतच माना टाकू लागल्या. साखर हवेतला ओलावा ओढून घेते, आणि श्रावणातल्या हवेत ओलाव्याला काय तोटा! मुलगी त्या शीतकपाटात ठेवावयास निघाली, तर आईने तिला अडविले. “बाहेर काढल्याबरोबर घाम सुटेल त्यांना. हलव्याला काटा फुटायला थंडीच लागते बाई. पावसाळ्यात साखरेच्या भरवशावर राहू नये.”

मग दोघींनी रीतच बदलली. गुळाच्या पाकात कुरमुरे वळून त्याचे खोड आणि जाड फांद्या केल्या आणि वर वितळलेल्या चॉकलेटचा लेप दिला. चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे ओलावा आत शिरत नाही. साखरेची कणीक फक्त पानांपुरती राहिली. ती कागदासारखी लाटून, शिरा उमटवून, सुकताच घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केली. कैऱ्या काजूच्या पिठीच्या केल्या. एवढा भार मऊ केकला पेलणार नाही म्हणून त्याच्या पोटात नळ्या रोवून वर चकती ठेवली. झाड दिसावयास केकवर, पण उभे त्या नळ्यांवर.

या खटाटोपात आई बोलू लागली. “बेचका इतका उंच नव्हता, तुझा बाप सहा वर्षांचा असताना एकटा चढून बसायचा तिथे.” “विहिरीकडची फांदी वाकडी कर, वादळात मोडून पुन्हा फुटली होती ती.” “सगळी पाने हिरवी कशी? कोवळी पालवी तांबूस असते.” मुलगी निमूटपणे फांदी वाकवी, पाने पुन्हा रंगवी. एवढ्या वर्षांत आम्ही आईपाशी या झाडाचा विषय जपून टाळला, त्यात तिच्या मनाचा विचार होताच. पण विचारणारे कोणी भेटले असते तर तिला सांगावयाचे कितीतरी होते, हे त्या चार दिवसांत दिसून आले.

झाड पुरे झाले तेव्हा ते काचेच्या पेटीत ठेवावे, असे मला मनापासून वाटले, आणि मी तसे म्हटलेही. आई म्हणाली, “आंबा काय कपाटात ठेवायला असतो?” आणि विहिरीकडची फांदी तिनेच प्रथम मोडून माझ्या पुतण्याच्या लहानग्या मुलाच्या हातात दिली. एक झाड मालकाने तोडले होते, ते आम्हांला न विचारता. हे तिने आपल्या हाताने मोडले आणि ज्याला त्याला नाव घेऊन वाटले. दोन्ही झाडे गेलीच, परंतु त्या दोन जाण्यांत केवढे अंतर!

त्या रात्री आई बराच वेळ राजापूरच्या गोष्टी सांगत बसली होती. मुलगी शेजारी बसून ऐकत होती आणि ताटलीत उरलेली तांबूस पालवी एकेक पान करून खात होती.