सकाळच्या गाडीच्या मॅडम

हिंगणघाटच्या त्या मॅडमना मी कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांची सकाळ मला पाठ होती. दारोडा या गावाहून त्या एसटीने हिंगणघाटला जायच्या. तिथल्या महिला महाविद्यालयात अंशकालीन प्राध्यापिका होत्या. मी अनसिंगहून वाशीमला जायचे, तासिका तत्त्वावर शिकवायला. पुसद नाक्यावर उतरायचं, ओढणी सावरत झपाझप कॉलेज गाठायचं. मानधन तासावर, तेही रखडत. उन्हाळ्यात हात रिकामे. पण गावात शिरलं की म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा ‘मॅडम आल्या’ म्हणावं, याचं अप्रूप पगाराहून मोठं. शेतकऱ्याच्या घरातून तिथवर पोचायला किती परीक्षा, किती स्थळांना दिलेले नकार आणि आईची किती मनधरणी लागते, ते आमच्यासारखीलाच ठाऊक.

3 फेब्रुवारी 2020, सोमवार. त्या नेहमीप्रमाणे बसमधून उतरल्या आणि कॉलेजकडे चालू लागल्या. नांदोरी चौकात त्यांच्याच गावच्या माणसाने पेट्रोल टाकून त्यांना पेटवलं. तो आधीपासून मागे लागलेला होता. आमच्या स्टाफरूममध्ये बातमी आली ती मोबाइलवर, जळतानाच्या दृश्यासकट. मी ते पाहिलं नाही. नागपूरच्या दवाखान्यात आठवडाभर झुंजून 10 फेब्रुवारीला पहाटे त्या गेल्या.

त्या आठवड्यात आई रोज म्हणायची, “सकायची गाडी सोड माय, दुपारच्या गाडीनं जात जाय.” जणू दुपारी पेट्रोल पेटत नाही! एक वडील थेट कॉलेजात आले. हातातली टोपी चुरगाळत म्हणाले, “मॅडम, पोरीले धाडू का नोको, तुमीच सांगा.” धाडा, म्हटलं. आवाज मात्र माझाच मला पोकळ वाटला.

वर्गात त्या दिवशी धडा झालाच नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “तो मागं लागला होता, तर त्यांनी कोणाले सांगाचं होतं?” मी काही बोलायच्या आत दुसरी म्हणाली, “घरी सांगतलं का कॉलेज बंद.” मग एकेक जण बोलू लागली. कुणाच्या बसमध्ये रोज तोच पोरगा मागे उभा राहायचा, कुणाला अनोळखी नंबरवरून फोन यायचे. घरी एकीनेही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मीही त्याच बसने येत होते, पण हे कानावर आलं ते एक मॅडम जळाल्यावर.

पुढे मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या. महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणाऱ्या ‘शक्ती’ विधेयकाची घोषणा झाली, विधिमंडळात ते मंजूरही झालं, पण राष्ट्रपतींच्या संमतीविना कायदा काही झाला नाही. खटल्यात विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम उभे राहिले आणि 10 फेब्रुवारी 2022 रोजी, बरोबर दुसऱ्या स्मृतिदिनी, आरोपीला जन्मठेप झाली. त्याचं नाव मी लिहीत नाही. ते पुष्कळ छापून झालंय. मॅडमचंही लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांसाठी. पण त्यांची आठवण काढताना फक्त तो चौकच आठवू नका. त्या वर्गाकडे निघाल्या होत्या, तेही सांगा.

आणि वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडच्या बापांना एक विनवणी. पोरीने मागे लागणाऱ्याचं नाव घरी सांगितलं, तर तिची गाडी बंद करू नका. तिच्यासोबत ठाण्यात जा. पाठलाग करणं 2013 पासून कायद्याने गुन्हा आहे.