पळीभर तेल
(खानदेशची दगडी पानं : हप्ता तिसरा)

दिवस पहिला, पाटणे

चाळीसगावहून सकाळीच पाटणादेवी गाठली. चंडिकेचं दर्शन घेतलं आणि शिलालेखापुढे मांडी घातली. शके 1128 चा हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवला जावा म्हणून त्याने इथे मठ काढला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

वरचा मजकूर संस्कृत, कुळाची नि विद्येची थोरवी सांगणारा. मठाच्या पोटापाण्याचा विषय निघाला की मात्र भाषा मराठी होते. निकुंभ राजा सोइदेवाने मठाला काय लावून दिलं, तर घाण्यामागे पळीभर तेल, गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी. आणि माप वापरायचं ते मठाचंच.

मी वहीत उतरवत होतो. शेजारी नारळ सोलणाऱ्या आजोबांनी विचारलं, “काय लिखी ऱ्हायनात?” सांगितलं. ते हसले. “म्हणजे हाऊ तेलना हिशोब से!”

दिवस दुसरा, पितळखोरा

लेणी डोंगरात, तालुका कन्नड. चढताना दम लागला. चैत्यगृहातले बरेच खांब ढासळलेत. उरलेल्यांपैकी एकावर ब्राह्मी अक्षरं आहेत: हा खांब पैठणच्या गंधिक कुळातल्या मितदेवाचं दान. गंधिक म्हणजे अत्तरवाला. दोन हजार वर्षांपूर्वी सुगंध विकून मिळालेल्या पैशातून त्याने एक खांब उभा केला आणि त्यावर फक्त नाव-गाव टाकलं. स्वतःसाठी काही मागितलं नाही.

इजिप्तमधल्या सक्काराच्या दफनभूमीतल्या खांबांचे फोटो आठवले. तिथल्या मजकुरात मृताचं नाव, हुद्दे आणि मागणी असते: भाकरी, बिअर, बैल, पक्षी, तलम कापड, सारं हजाराच्या हिशेबात. मेलेल्याला परलोकात उपास पडू नये म्हणून शिधा दगडात कोरायचा.

रात्री वही उघडली तेव्हा लक्षात आलं, पाटण्याचा लेखही शिध्याचीच यादी आहे. फरक एवढाच की इथले जेवणारे जिवंत होते, आणि त्यांच्यासाठी रोज खरोखरच कोणाच्या तरी घाण्यातलं तेल कमी होत होतं.

दिवस तिसरा, धुळे

चाळीसगाव–धुळे गाडीने शिरूड मागे टाकत आलो. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच वारले; पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. त्यांचे कागद जपायलाही पुन्हा गावच पुढे आलं.

संध्याकाळी बाजारात ‘लाकडी घाण्याचं तेल’ अशी पाटी दिसली. दुकानदाराला म्हटलं, पळी दाखवा. त्याने डब्यातली काढली; जेमतेम ओंजळीच्या तळाएवढी. म्हटलं, एवढं एक माप द्या.

“इतलंच?” तो म्हणाला.

(पुढील हप्ता : वाघळी)