आत्तींचा दांडा आणि माझी हत्यारांची पेटी



आज स्वयंपाकघर सोडून न्हाणीघरात जाऊ या. गोष्ट माझ्या फजितीची आहे, पण तुमच्यापैकी कुणाला तरी तिचा उपयोग होईल, म्हणून घडली तशी सांगते.

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, ७८ वर्षांच्या आहेत. व्रती आहेत. पहाटे उठून सामायिक, मग अंघोळ, शुद्ध वस्त्र आणि मंदिरात अभिषेक, हा त्यांचा नेम मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. नेम तसाच आहे, गुडघे मात्र तसे राहिले नाहीत. त्या स्टुलावर बसून अंघोळ करतात आणि उठताना नळ धरतात. एके दिवशी नळ धरल्या हातात गर्रकन फिरला आणि आत्ती पुन्हा स्टुलावर आदळल्या. लागलं नाही, पण माझ्या पोटात गोळा आला. भिंतीत धरायला स्टीलचा दांडा बसवायचा, असं त्याच दिवशी ठरलं.

आषाढातली अष्टान्हिका पंधरा दिवसांवर होती. आठही दिवस मंदिरात जायचं, असं आत्तींनी ठरवलेलं. प्लंबरला फोन केला. "उद्या येतो वहिनी." दहा दिवस तो उद्याच येत होता. आमच्या ह्यांचे रविवार कारखान्यातच जातात. शेवटी मी चिडले. बाजारात जाऊन दांडा आणला, आणि त्याच दुकानातून शंभरावर नगांचा हत्यारांचा एक संच उचलला. ड्रिल मशीन, नाना तऱ्हेच्या सुया, पाने, पेचकस, सगळं एका चकचकीत पेटीत. किंमत कमी, नग जास्त, म्हणून मी खूश.

संध्याकाळची वेळ होती. दांड्याबरोबर आलेल्या छोट्या गिट्ट्या (भिंतीत ठोकतात ते प्लास्टिकचे प्लग) मी भोकात घातल्या, स्क्रू आवळले, दांडा पुसून चकचकीत केला. फोटो काढून ह्यांना पाठवला. "झालं बघा तुमच्याशिवाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्तींनी उठताना दांडा धरला आणि एका बाजूचे स्क्रू गिट्ट्यांसकट बाहेर आले. मी दारातच उभी होते, म्हणून पटकन काखेत हात घालून सावरलं. मी रडायलाच लागले. आत्ती मात्र शांतपणे म्हणाल्या, "अगं, दांडा नव्हता तेव्हा मी जपून उठत होते. आज दांड्याच्या भरवशावर उठले."

हे वाक्य मला फार लागलं. नसलेल्या आधारापेक्षा खोटा आधार वाईट. आणि तो खोटा आधार मीच, घाईत, कौतुक करून घ्यायच्या नादात बसवला होता. हिंसेचं मूळ प्रमादात आहे, असं तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी सांगितलं आहे. पाठशाळेत हे मी मुलांकडून घोकून घेतलं आहे. प्रमाद म्हणजे काय, ते त्या सकाळी न्हाणीघरात कळलं.

मग मी चार दिवस घेतले. हार्डवेअरच्या दुकानातल्या जुन्या माणसाला विचारलं, गावातल्या एका मिस्त्रीकाकांना चहाला बोलावून भिंत दाखवली. चूक अगदी साधी होती. न्हाणीघरातली फरशी ७-८ मिलिमीटर जाड, तिच्यामागे सिमेंटचा मसाला दीड-दोन सेंटिमीटर, त्यामागे वीट. माझी गिट्टी जेमतेम ३ सेंटिमीटरची. म्हणजे ती विटेला नीट पोचलीच नव्हती. शिवाय भोकातली धूळ मी काढली नव्हती. धुळीत गिट्टी पकड घेत नाही, नुसती फिरते.

दुसऱ्यांदा केलं ते असं. आधी आत्तींना स्टुलावर बसवून, उठताना हात सहज कुठे जातो तिथे खूण केली. पुस्तकातल्या मापापेक्षा ज्याला धरायचं त्याचं माप खरं. नळाच्या आणि स्विचच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, कारण पाइप आणि वायर बहुधा त्याच रेषेत जातात. भिंत आणि जमीन कोरडी केली, गिझरचा स्विच मुख्य बोर्डावरून बंद केला, पायात रबरी चप्पल, डोळ्यांवर चष्मा. फरशीवर कागदी चिकटपट्टीची फुली मारली, म्हणजे सुई घसरत नाही. फरशी पार होईपर्यंत ड्रिलचा हातोडीचा खटका बंद आणि वेग कमी, नाहीतर फरशी तडकते. वीट लागली की मग खटका चालू. किती खोल जायचं त्याची खूण म्हणून सुईलाच चिकटपट्टी गुंडाळली. भोकाखाली एक जुनं पाकीट चिकटवलं, धूळ त्यात पडली. उरलेली धूळ रबरी फुग्याच्या पिचकारीने काढली. तोंडाने फुंकू नका, सगळी डोळ्यात येते.

या वेळी गिट्टी नायलॉनची, ८ मिलिमीटर जाड आणि ८० मिलिमीटर लांब, आणि तिला साजेसे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. आमची ती भिंत नऊ इंची आहे. तुमची साडेचार इंची असेल तर एवढं खोल जाऊ नका. आणि सुई पुढे जाईचना, नुसती तापायला लागली तर समोर काँक्रीटचा खांब असू शकतो. तिथे घरगुती मशीन रेटू नका, मिस्त्रीला बोलवा. आपल्याला काय येत नाही हे ओळखणं हाही कामाचाच भाग आहे.

दांडा बसल्यावर आधी मी माझं सगळं वजन त्याच्यावर टाकलं. मग रात्री ह्यांना लोंबकळायला लावलं. तीन दिवस रोज ओढून पाहिलं. चौथ्या दिवशी आत्तींना सांगितलं, आता धरा.

एक राहिलंच. पहिल्या वेळची उपटलेली भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवायला मी बसले, तेव्हा आत्ती म्हणाल्या, "आधी आत बघ." टॉर्च लावून पाहिलं तर एका भोकात बारीक लाल मुंग्या! दोन दिवसांत त्यांनी तिथे वाट केली होती. सिमेंट दाबलं असतं तर त्या आतच राहिल्या असत्या. ते काम थांबवलं. दोन दिवसांनी मुंग्या निघून गेल्या, मग मऊ ब्रश फिरवून भोकं बुजवली. तेव्हापासून माझा नियम झाला आहे: भिंतीचं, लाकडाचं काम उजेडीच करायचं, भोक पाडण्याआधी आणि बुजवण्याआधी पाहायचं, मऊ ब्रशने झाडायचं. मुनिमहाराज वस्तू उचलताना, ठेवताना पिंछीने परिमार्जन करतात. आपण गृहस्थ आहोत, आपली आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही. पण कमी करता येते, आणि त्याला खर्च दोन मिनिटांचा असतो.

आता त्या शंभरावर नगांच्या पेटीबद्दल. त्यातला पेचकस दुसऱ्याच स्क्रूला बोथट झाला. निम्म्या वस्तू कशासाठी आहेत हे मला आजही ठाऊक नाही. आत्तींच्या परिग्रह परिमाणाची एक वही आहे. भांडी किती, लुगडी किती, सगळं लिहिलेलं. त्यांनी ती वही पुढे केली आणि म्हणाल्या, "तुझी हत्यारंही मोज की." मी मोजली, आणि ११ वर थांबले.

हातोडी. पक्कड. चपटा आणि चौफुलीचा, असे दोन चांगल्या पोलादाचे पेचकस. कमी-जास्त होणारा पाना, नळासाठी. टेस्टर. मोजायची टेप. पाणसळ, म्हणजे दांडा आणि फळी तिरकी लागत नाही. छोटी करवत. कानस. आणि साधं ५००-६०० वॉटचं, हातोडीचा खटका असलेलं ड्रिल मशीन. भिंतीसाठी टोकाला कार्बाइडची पाती असलेली सुई, लाकडाची आणि लोखंडाची वेगळी. एकच सुई सगळीकडे वापरली की तीही जाते आणि कामही जातं. बाकीचा संच मी भंगारात दिला. पैसे गेलेच. आधी दोन हत्यारं चांगली घेऊन गरजेप्रमाणे वाढवली असती, तर गेले नसते.

आपल्या घरांच्या दृष्टीने आणखी काही गोष्टी दुकानात विचारून घ्या. रंगाच्या ब्रशवर 'प्युअर ब्रिसल' लिहिलं असेल तर ते डुकराचे केस असतात. नायलॉनचा मागा, मिळतो. लाकूड चिकटवायचा जुना सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. पांढरा सिंथेटिक गोंद घ्या, तो अधिक सोपाही आहे. फ्रेंच पॉलिशमध्ये चपडा लाख असते, ती लाखेच्या किड्यांच्या स्रावाची. देव्हाऱ्याला पॉलिश करताना तरी हे लक्षात ठेवा. मी जवसाचं तेल पातळ हाताने लावते. त्यात एक जपायचं: तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. उघडी पसरून बाहेर वाळवा. हातमोजे चामड्याचे नकोत, जाड सुती चालतात, पण ड्रिल चालवताना मात्र हात मोकळेच ठेवा. फिरत्या सुईत कापड अडकलं की हातच ओढला जातो. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा.

यानंतरची गोष्ट मला जास्त अवघड गेली. दांड्याची बातमी गल्लीत पसरली. समोरच्या काकूंचा मुलगा आला, "वहिनी, मशीन द्या ना, आईसाठी बसवतो." मी द्यायला निघाले, तर आत्ती गप्प. तो गेल्यावर म्हणाल्या, "माझं अनर्थदंडव्रत आहे गं."

आपल्या भाषेत सुताराच्या अवजारांनाही हत्यारंच म्हणतात, हे तेव्हा नव्याने जाणवलं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात हिंसादान सांगितलं आहे. त्यात तलवारीबरोबर परशू, कुदळ, अग्नी अशा रोजच्या वस्तूही आहेत. हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती दिलं, की ते कसं वापरलं जाईल ते आपल्या हातात राहत नाही. मी थोडी वैतागले. म्हटलं, "आत्ती, मग गल्लीतल्या दहा घरांनी दहा मशीनं घ्यायची? वर्षातून दोनदा वापरायला? तोही परिग्रहच ना? आणि त्या काकूंनी पडायचं?"

आत्तींनी लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मंदिरातून आल्यावर म्हणाल्या, "मशीन देऊ नकोस. मशीन घेऊन तू जा."

गेले. त्या मुलाला शेजारी उभं करून सगळं दाखवलं, मुंग्या बघण्यापासून वजन टाकून पाहण्यापर्यंत. आतापर्यंत आमच्या गल्लीत पाच घरांत दांडे बसवले. मशीन एकच आहे. दर वेळी आनंदाने जाते असं नाही. घरी पाहुणे असताना कुणी बोलावलं तर मनातल्या मनात कुरकुरतेही. एकदा थकले होते तेव्हा सरळ नाही म्हटलं. त्या मावशींना प्लंबरसाठी तीन आठवडे थांबावं लागलं, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

अष्टान्हिकेत आत्ती आठही दिवस मंदिरात गेल्या. पण दांडा धरण्याआधी त्या अजून एकदा हलवून पाहतात. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. परवा विचारलं. म्हणाल्या, "तुझ्यावर आहे गं. पण बघून धरायचं."

आता मीही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे स्क्रू एकदा आवळून बघते. तुमच्या घरी दांडा असेल तर आजच हलवून पाहा. नसेल आणि घरात कुणी नळाला धरून उठत असेल, तर उद्यावर टाकू नका.

काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.