थोडी ऊब आपल्यालाही

आमचे गाव निफाड तालुक्यातले. थंडी पडली की वर्तमानपत्रात आधी आमच्या तालुक्याचा पारा छापून येतो. २०१८ सालच्या डिसेंबरात तो दोन अंशांच्याही खाली उतरला होता. बाहेरच्यांना या थंडीचे कौतुक वाटते. मला मात्र दिवाळी सरली की धास्ती लागते, कारण मला संधिवात आहे.

हा वयाने सांधे झिजण्याचा प्रकार नव्हे. आमवात म्हणतात तो. पस्तिशीतच जडला. सकाळी बोटे अशी आखडलेली असतात की साडीच्या निऱ्या धरवत नाहीत. मूठ वळायला तास-दीड तास जातो. डॉक्टर म्हणाले, "थंडीने हा आजार होत नाही, पण थंडीत दुखणे जास्त जाणवते. गोळ्या चुकवू नका आणि अंग उबदार ठेवा." गोळ्या मी चुकवल्या नाहीत. उबेचे मात्र राहून गेले. शेतकऱ्याच्या घरात बाईने ऊब मागायची कुणाकडे?

त्या डिसेंबरात हे आणि मुलगा पहाटे तीनला उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जात. थंडीने मणी तडकले तर वर्षाची कमाई गेली. मीही पाचला उठून हौदाच्या पाण्याने भांडी घासायला बसे. एके दिवशी भरलेली कळशी हातून निसटली. गार पाणी पायांवर सांडले आणि मला रडू फुटले.

सासूबाई ओसरीवर होत्या. त्यांनी काही विचारले नाही. बंबातले कढत पाणी घमेल्यात काढले, विसण घातले आणि माझे हात त्यात धरले. मग म्हणाल्या, "द्राक्षाच्या मण्यांना ऊब लागते, अन् तुझ्या हातांना लागत नाही का गं?"

"सांगायला लाज वाटायची, आई."

"मलाही वाटायची. वीस वर्षं गुडघे दाबत चुलीपुढं बसले, कुणाला बोलले नाही. तेच बघून तू शिकलीस. चुकलं माझं."

रात्री जेवताना त्यांनीच विषय काढला. हे हातातला घास तसाच धरून बसले. म्हणाले, "गोळ्या चालू आहेत, म्हणजे बरं असेल असं समजलो मी."

त्यानंतर घरात फार काही बदलले नाही, आणि तरी पुष्कळ बदलले. भांडी आता दहानंतर उन्हात घासली जातात. पहाटे पाणी लागलेच तर मोटर चालू करून विहिरीचे ताजे घेतो. ते कोमट असते. रात्रभर उघड्या हौदात राहिलेलेच बर्फासारखे होते. गोधड्या दुपारी उन्हात टाकते, संध्याकाळी ऊन उतरायच्या आत घडी घालून ठेवते. हातमोजे, पायमोजे घालूनच निजते. उठल्यावर अंथरुणातच बोटे, मनगटे हळूहळू हलवते. जाडे मीठ तव्यावर गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधते आणि शेक घेते.

शेकाबाबत मात्र जपावे. पुरचुंडी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर चटका बसलेला कळत नाही. सांधा लाल होऊन सुजला असेल तर शेकू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी ठेवून कधीही निजू नये. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो.

यातल्या कशानेही माझा आजार गेलेला नाही. आजही काही सकाळी वेणी घालायला सासूबाईंची मदत लागते. पण दुखणे लपवण्याचे जे दुसरे दुखणे होते, ते गेले. भगिनींनो, घरातल्या माणसांना आपली वेदना दिसत नाही, ती सांगावी लागते. आणि आपल्या घरात कुणी म्हातारे माणूस चुलीपुढून लवकर उठत नसेल, तर त्याला एकदा विचारावेही लागते.

थंडीच्या दिवसांत हे अजूनही पहाटे तीनला बागेत जातात. पण जाताना आधी आमचा बंब पेटवतात, मग बागेतल्या शेकोट्या.