सातारा साठी पहा

विकिपीडियावर सातारा उघडलं की लेखाच्या माथ्यावर अशी एखादी ओळ अपेक्षित असते: ‘हा लेख सातारा शहराविषयी आहे. जिल्ह्यासाठी पहा: सातारा जिल्हा.’ योग्य पानावर आलेला वाचक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. चुकून आलेल्याला मात्र तीच वाट दाखवते. मराठी विकिपीडियावर मी रमतो ते या टिपांच्या डागडुजीत.

पूर्वी प्रत्येक साचा, म्हणजे पानात घालायचा तयार नमुना, आपली टीप आपणच सजवायचा. महिरपी कंसात महिरपी कंस, त्यात आणखी ‘जर-तर’. एक कंस निसटला की पानभर पसारा. 2013 मध्ये सगळ्या विकिपीडियांवर लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली आणि हे काम एका सामाईक मॉड्यूलकडे सोपवता आलं. साच्याने फक्त मजकूर द्यायचा. त्याभोवती चौकट घालणं, दुवे बांधणं आणि ‘ही टीप आहे’ अशी स्क्रीन रीडरसाठी खूण करणं हे मॉड्यूलचं काम. तरी ‘सामाईक’ म्हणजे एका विकीपुरतंच हं. इंग्रजीतलं मॉड्यूल मराठीत थेट बोलावता येत नाही, त्याची प्रत आणून इथे लावावी लागते.

आणि प्रतीबरोबर तिकडच्या सवयीही येतात. इंग्रजीत ही टीप तिरप्या अक्षरांत असते. देवनागरी तिरपी केली की काने कलंडतात आणि बारीक अक्षरांत जोडाक्षरं वाचवत नाहीत. हे दुखणं सोपं आहे: स्टाइलशीटमध्ये एक ओळ बदलली की ती टीप असलेली सगळी पानं सरळ होतात. लुआ अक्षरं कशी मोजते तेही पाहून घ्यावं लागतं. ‘सातारा’ आपल्याला तीन अक्षरांचा. लुआचं साधं फंक्शन त्याची लांबी 18 सांगतं, कारण ते बाइट मोजतं. विकीचं युनिकोड जाणणारं फंक्शन 6 सांगतं, कारण ते काने वेगळे धरतं. शब्दाचा शेवट तोडायचा तर यातलं कुठलं वापरतोय ते ठाऊक हवं.

खरी गोम वाक्यात आहे. इंग्रजीत नाव जसंच्या तसं खाचेत बसतं. मराठीत तसं बसवलं की ‘सातारा साठी पहा’ होतं, स्टेशनावरच्या यांत्रिक घोषणेसारखं. मग सामान्यरूपही मॉड्यूलनेच करावं, असं वाटणं साहजिक आहे. पण तिन्ही नावं आकारान्त असून सातारा ‘साताऱ्यासाठी’ होतो, अमेरिका ‘अमेरिकेसाठी’, आणि कॅनडा जागचा हलत नाही. व्यक्तीचं नाव आलं की ‘यांच्यासाठी’. अपवादांची यादी ठेवायची तर मॉड्यूलपेक्षा यादीच मोठी व्हायची, आणि ती सांभाळणार कोण?

म्हणून माझा आग्रह असा की मॉड्यूलने व्याकरणात पडू नये. ‘साताऱ्यासाठी’ हे संपादकाने हाताने लिहावं; चौकट, दुवा, खूण मॉड्यूलची. काही जण ‘सातारा या विषयासाठी’ अशी पळवाट काढतात. चालते, पण सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

परवा एकाने सुचवलं, साच्यात लिंग, वचन आणि आदरार्थी असे तीन रकाने वाढवू या, म्हणजे रूप आपोआप होईल. मी म्हटलं, एवढे रकाने भरेपर्यंत टीप लिहून होते की!